वेगळी शाळा की एकच वर्ग?

वऱ्हाडात अपंगांच्या शिक्षणाचा इतिहास पाहू लागलो की माधानचे गुलाबराव महाराज आठवतात. १८८१ साली जन्मलेल्या या बालकाची दृष्टी नवव्या महिन्यातच गेली. देशातील पहिली अंधशाळा अमृतसरला निघाली ती १८८७ मध्ये. महाराज लोकांतच राहिले, इतरांकडून ग्रंथ वाचून घेत शिकले आणि अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभराहून अधिक ग्रंथ रचून गेले. परंतु अशा असामान्य प्रज्ञेवरून सामान्य बालकासाठी धोरण आखता येत नाही.

कर्णबधिरांना तर ऐकून शिकण्याची ही वाटच बंद. मुंबईचे येशूसंघीय बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने १८८५ च्या सुमारास देशातील पहिली मूकबधिर शाळा उभी राहिली. मुले वेगळी बसविली ती उपेक्षेने नव्हे. त्यांना शिकविण्याची रीतच निराळी होती.

पुढे वारे बदलले. १९७४ च्या केंद्रीय योजनेने अपंग मुलांना सर्वसाधारण शाळेत आणू पाहिले. २००९ चा शिक्षणहक्क आणि २०१६ चा दिव्यांग कायदा त्याच दिशेचे. तरीही २०१२ च्या दुरुस्तीने बहुविकलांग बालकांना घरीच शिकण्याचा पर्याय दिला. म्हणजे कायद्यालाही पेच पूर्णपणे सुटलेला नाही. अचलपूर तालुक्यातील वज्झरचे शंकरबाबा पापळकर तर निराळाच प्रश्न विचारतात : अठरा वर्षे पूर्ण होताच अनाथ मतिमंद मुलाने बालगृह सोडून जावे कोठे?

माझ्या पूर्वीच्या एका धर्मग्रामातील शाळेत आम्ही एका कर्णबधिर मुलाला मोठ्या हौसेने प्रवेश दिला. पहिल्या बाकावर बसविले, आणि आपले कर्तव्य झाले असे मानले. (मीही मानले.) तीन वर्षांत तो फळ्यावरचे सुबक अक्षरात उतरवू लागला; अर्थ मात्र एकाही वाक्याचा लागत नव्हता. अखेर तो दूरच्या निवासी शाळेत गेला आणि खुणांच्या भाषेत भरभरून बोलू लागला. नाताळच्या सुटीत घरी आला, तेव्हा ती भाषा घरात कोणालाच येत नव्हती. "फादर, आता माह्याच लेकराशी मी बोलू कशी?" आईने विचारले. मला उत्तर सुचले नाही. सुटी संपेपर्यंत धाकट्या बहिणीने त्याच्याकडून पंधरा-वीस खुणा शिकून घेतल्या होत्या, आणि चुलीपाशी बसून ती त्या आईला शिकवीत होती.