७६व्या मिनिटापर्यंत

६ ऑक्टोबर २००१, संध्याकाळ. पॅरिसला खेटून असलेल्या सँ-दनी उपनगरात, स्ताद द फ्रान्स स्टेडियमकडे माणसांची रीघ लागली आहे. १९६२ साली अल्जीरिया फ्रान्सपासून स्वतंत्र झाल्यापासून दोन्ही देशांचे मुख्य फुटबॉल संघ पहिल्यांदाच समोरासमोर येताहेत. अल्जीरियाचे हिरवे-पांढरे झेंडे अंगाभोवती गुंडाळून आलेली पोरं बहुतेक फ्रान्समध्येच जन्मलेली. अमेरिकेवरच्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्याला महिनाही झालेला नाही. या पोरांकडे बघणाऱ्या नजरा आता जास्तच संशयी आहेत.

राष्ट्रगीत. फ्रान्सचं ‘मार्सेयेज’ सुरू होताच शिट्ट्यांचा गदारोळ. पंतप्रधान लिओनेल जोस्पँ जागच्या जागी उभे.

४०वं मिनिट. कांदेला, पेती आणि आता आँरी. फ्रान्स ३-०. निळ्या जर्सीत झिदान आहे. आईवडील अल्जीरियातल्या काबिलियाचे, जन्म मार्सेयचा. १९९८ साली याच मैदानावर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्यानं डोक्यानं मारलेल्या दोन गोलांनंतर सगळा वर्णभेद मिटल्याचा डांगोरा पिटला गेला. एका खेळाडूवर केवढं हे ओझं!

मध्यंतराच्या तोंडावर. अल्जीरियाच्या बेलमादीची फ्री किक थेट जाळ्यात. एका गोलानं अख्खं स्टेडियम दणाणतं.

५४वं मिनिट. फ्रान्सचा पिरेस. ४-१.

७६वं मिनिट. आधी एकदोघं कठडा ओलांडतात, मग शेकडो. हातात झेंडे, काही तर नुसतीच हसत पळताहेत. सुरक्षारक्षकांना आवरत नाही. खेळाडू आत निघतात. एकटा थुराम थांबतो. ग्वादलूपमध्ये, म्हणजे फ्रान्सच्याच जुन्या वसाहतीत जन्मलेला हा फ्रेंच बचावपटू एका पोराला धरून खडसावतो. याची किंमत उद्या तुम्हालाच मोजावी लागणार, हे त्याला दिसतं आहे. सामना तिथेच रद्द होतो.

मला त्या पोरांपेक्षा राग येतो तो या सामन्याला दिलजमाईचा सोहळा ठरवणाऱ्यांचा. अल्जीरियात स्वातंत्र्यासाठी जवळपास आठ वर्षं चाललं ते ‘युद्ध’ होतं, हे कायद्यानं मान्य करायला फ्रेंच संसदेला १९९९ साल उजाडलं. १७ ऑक्टोबर १९६१ला पॅरिसमध्ये शांततेनं मोर्चा काढणाऱ्या अल्जीरियनांना पोलिसांनी मारलं, सीन नदीत फेकलं. त्याबद्दल तर सरकार कित्येक दशकं गप्पच होतं. एवढं सगळं पोटात ठेवून नव्वद मिनिटांत गळाभेट कशी होणार?

१७ ऑक्टोबर २००१. पॅरिसचे महापौर बेर्त्राँ दलानोए सँ-मिशेल पुलाजवळ त्या मृतांच्या स्मरणार्थ फलक लावतात. चाळीस वर्षांनी.

२१ एप्रिल २००२. अध्यक्षीय निवडणुकीच्या पहिल्या फेरीत जोस्पँ तिसरे. दुसरा क्रमांक अतिउजव्या ज्याँ-मारी ल पेन यांचा. या निकालाला कारणं पुष्कळ होती. पण त्या रात्रीच्या शिट्ट्या ल पेन यांच्या मतदारांच्या कानांत अजून ताज्या होत्या.