चाळीस फेऱ्यांचा हिशेब

सहावीत बाईंनी घातलेले एक गणित आठवते का? रस्त्याच्या कडेला दहा-दहा मीटरवर दहा खांब आहेत. पहिल्यापासून शेवटच्या खांबापर्यंत अंतर किती? अर्धा वर्ग ‘शंभर’ म्हणून ओरडला होता. बाई शांतपणे म्हणाल्या, “खांब मोजू नका, मधली अंतरे मोजा.”

हे गणित मला पुन्हा भेटले ते इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये, मिलिंग मशीनवर. पण आधी त्या मशीनवरच्या एका साधनाची, डिव्हायडिंग हेडची, गोष्ट सांगते.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात प्रॉव्हिडन्स टूल कंपनी स्प्रिंगफील्ड बंदुकांच्या कामात होती. बंदुकीच्या निपलला बारीक भोक पाडायला पिळाचे ड्रिल लागे आणि त्या ड्रिलवरच्या पिळदार खाचा कारागीर गोल कानशीने, हाताने घासून काढत. काम संथ आणि खर्चिक. कंपनीच्या फ्रेडरिक हाउ यांनी ही अडचण त्याच शहरातल्या जोसेफ ब्राउन यांच्यापुढे मांडली.

ब्राउन घड्याळजीचे चिरंजीव आणि स्वतःही घड्याळे करणारे. मोजपट्ट्यांवर रेघा आखणारे यंत्र त्यांनी 1850 साली बनवले होते; समान भाग पाडणे हा त्यांच्या हातचा मळ. खाच कापणारे कटर होतेच. हवे होते ते जॉब घट्ट धरून हवा तेवढाच फिरवणारे साधन. ब्राउन यांनी टेबलावर तसे हेड बसवले आणि टेबल सरकवणाऱ्या स्क्रूला ते दातेरी चाकांनी जोडले. टेबल सरके तसतसा हेडमधला गज फिरे आणि त्यावर पीळ कोरला जाई. 1862 च्या मार्चमध्ये त्यांचे पहिले युनिव्हर्सल मिलिंग मशीन याच टूल कंपनीला विकले गेले.

असे हेड हाताने फिरवून गिअरचे दातही कापता येतात. ब्राउन अँड शार्पच्या पद्धतीत हँडलच्या 40 फेऱ्या झाल्या की जॉबची एक फेरी होते. 28 दात हवे असतील, तर दर दाताला 40 भागिले 28, म्हणजे एक फेरी आणि तीन सप्तमांश. हँडलमागच्या तबकडीवर छिद्रांची वर्तुळे असतात. त्यांतले 21 छिद्रांचे घ्यायचे, एक फेरी पूर्ण करून आणखी 9 छिद्रे पुढे जायचे. आपले सममूल्य अपूर्णांक ते हेच!

माझ्या वाट्याला हाच 28 दातांचा गिअर आला होता. मी पिन बसलेल्या छिद्रापासूनच ‘एक’ मोजायला सुरुवात केली. साहजिकच, दर वेळी आठच अंतरे सरकले. सत्तावीस दात छान दिसले. अठ्ठाविसावा इतरांच्या जवळजवळ तिप्पट जाड! दिवसभराची मेहनत भंगारात गेली, आणि तेव्हा बाईंचे खांब आठवले.

आज मी सॉफ्टवेअर लिहिते. मोजणी कुठून सुरू करायची याचा घोळ तिथेही रोज होतो आणि गंमत म्हणजे त्या चुकीला आमच्यात कुंपणाच्या खांबाची चूक असेच म्हणतात. नव्या मुलामुलींचा कोड तपासताना मी बाईंचेच वाक्य ऐकवते.

बाई, त्या दिवशी ‘शंभर’ ओरडणाऱ्यांत मीही होते. उत्तर नव्वद आहे.