चिकटवणं सोपं, सोडवणं अवघड

साताऱ्याच्या जुन्या घरी दाराजवळचा सेन्सर मी सरळ ओढला. चुन्याचा पोपडा आलाच, त्यावरच्या आमच्या उंचीच्या पेन्सिलखुणाही गेल्या. आजोबांनी केलेल्या!

गंमत म्हणजे १०० वर्षांपूर्वी अमेरिकेत मोटारी रंगवणाऱ्यांचं हेच रडगाणं होतं: पट्टी काढली की रंगही सोलून निघायचा. म्हणून १९२५ मध्ये थ्रीएम कंपनीच्या रिचर्ड ड्रूने मास्किंग टेप शोधली. १९६८ मध्ये तिथल्याच स्पेन्सर सिल्व्हरला हवा होता जबरदस्त गोंद, हाती लागला कच्चा. त्यातूनच पुढे पोस्ट-इट आलं.

थोडक्यात, सोडवण्यालाही इतिहास आहे. सांगलीला मावशीकडे मग आधी अलार्म बंद केला, हेअर ड्रायरने ऊब दिली, मागून दोरा करवतीसारखा फिरवला, उरलेला गोंद बोटाने चोळून काढला. भिंत शाबूत!

साताऱ्याच्या खुणा मात्र गेल्या त्या गेल्याच.