न टोचलेला आणि नाकारणारा : दमण-उंडेऱ्याच्या आकड्यांवरून एक जुनाच प्रश्न

लस नाकारणाऱ्याकडून औषधोपचाराचे जास्त पैसे घ्यावेत का? कोविडच्या दुसऱ्या वर्षी हा प्रश्न घराघरात वाजला. ८ डिसेंबर २०२१ पासून सिंगापूर सरकारनं, लस घेता येत असूनही न घेतलेल्या कोविड रुग्णांना उपचाराचं बिल स्वतः भरायला लावलं. अमेरिकेत डेल्टा विमान कंपनीनं लस न घेतलेल्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्यावर महिन्याला २०० डॉलर जादा लावले. कारण दिलं ते साधं होतं : कोविडनं रुग्णालयात गेलेल्या एका कर्मचाऱ्यामागे सरासरी ५०,००० डॉलर खर्च येतो. आपल्याकडे केरळ सरकारनं नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीर केलं की लस नाकारणाऱ्यांना कोविडचे मोफत उपचार मिळणार नाहीत. त्याच महिन्यात औरंगाबादला जिल्हा प्रशासनानं रेशन आणि पेट्रोलसुद्धा लशीच्या दाखल्याला बांधलं.

हे सगळं नवीन वाटलं, पण नवीन नव्हतं. मी राहतो त्या इच्छापोरपासून दक्षिणेला दमण आहे आणि उत्तरेला बडोद्याच्या शिवेवर उंडेरा. आज उंडेऱ्याची ओळख रिफायनरीशेजारचा भाग एवढीच उरली आहे. पण लस घेतलेले आणि न घेतलेले यांचा शेजारी शेजारी मांडलेला हिशेब जगात फार लवकर जिथे झाला, त्यांत ही दोन नावं आहेत. माझा पिंड इंजिनिअरचा. नोंदवही समोर आली की मी आधी रकाने बघतो : काय मोजलंय, आणि काय मोजलेलंच नाही. या दोन गावांच्या आकड्यांत मला जो रकाना सापडला नाही, त्याबद्दल हा लेख आहे.

दमण आणि उंडेरा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग ओळखला गेला, डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी. ओडेसाचे वाल्डेमार हाफकिन त्याआधी बंगालमध्ये कॉलऱ्याच्या लशीचं काम करत होते. ते मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात छोट्या जागेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात चाचणी झाली. आणि त्याच वर्षी दमण.

दमण तेव्हा पोर्तुगीजांचं. तिथे ८,२३० वस्तीपैकी २,१९७ जणांनी टोचून घेतलं, ६,०३३ राहिले. टोचलेल्यांत ३६ मेले, न टोचलेल्यांत १,४८२. म्हणजे एकीकडे शंभरात दोनसुद्धा नाहीत आणि दुसरीकडे जवळजवळ पंचवीस.

उंडेरा गायकवाडांच्या राज्यातलं. १८९८ च्या सुरुवातीला तिथे प्लेग असताना हाफकिन गेले आणि त्यांनी २८ कुटुंबं घेतली, एकूण १३५ माणसं. प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या लोकांना टोचलं, निम्म्यांना नाही. घर तेच, उंदीर तेच, पाणी तेच. टोचलेल्या ७१ पैकी ८ आजारी पडले, ३ गेले. न टोचलेल्या ६४ पैकी २७ आजारी पडले, त्यातले २६ गेले.

हे आकडे वाचून कुणीही म्हणेल, लस न घेणाऱ्यानं निदान खर्च तरी सोसावा. मलाही या बाजूचं म्हणणं पोकळ वाटत नाही. साथीत खाटा मोजक्या असतात, डॉक्टर मोजके असतात. एकाच्या हट्टाचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर का, हा प्रश्न रास्त आहे.

पण उंडेऱ्याचे ते २६ जण पुन्हा बघा. त्यांनी लस नाकारली नव्हती. तुलनेसाठी त्यांना ती दिलीच गेली नव्हती. दमणच्या ६,०३३ मध्ये घाबरलेले असतील, बाहेरगावी गेलेले असतील, आजारी असतील, बाळंतिणी असतील आणि ठाम विरोधकही असतील. तक्त्यात सगळे एकाच ओळीत बसले : न टोचलेले. का नाही टोचलं, हा रकानाच नाही. जादा बिल लावायचं तर नेमका तोच रकाना लागतो.

हातावरून हातावर

प्लेगच्या आधी देवी होत्या. मुंबई शहरात मुलांना देवी काढणं १८७७ च्या कायद्यानं सक्तीचं झालं, न मानणाऱ्या पालकाला दंडाची तरतूद झाली. १८८० च्या कायद्यानं नगरपालिका आणि छावण्यांना अशी सक्ती लागू करण्याची वाट मोकळी केली. म्हणजे नाकारण्याची किंमत पैशात मोजणं आपल्याकडे दीडशे वर्षांचं जुनं आहे.

हा दंड कशावर होता ते समजायला देवी काढण्याची तेव्हाची रीत बघावी लागते. बरीच वर्षं लस बाटलीतून येत नसे. एका मुलाच्या दंडावर काढलेली देवी आठव्या दिवशी पिकली की त्या फोडातला द्रव घेऊन पुढच्या मुलाला टोचत. म्हणजे आईनं पोराला दोनदा न्यायचं, आणि दुसऱ्या वेळी त्याचा दुखरा फोड परक्यांच्या मुलांसाठी फोडू द्यायचा. कुणाच्या हातावरचं आपल्या पोराच्या अंगात येणार, यावर जातीचा विटाळही आडवा येई. पुढे वासराच्या अंगावर लस वाढवायला लागल्यावर हे दुखणं कमी झालं, पण तिथे धर्माचा नवा आक्षेप निघाला. एवढं सगळं दंडाच्या पावतीवर एकाच शब्दात मावतं : कसूर.

दाखला आणि सवलत

१८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला. पुण्यात रँडच्या अमलाखाली सोल्जर घरात घुसले, माणसं वेगळ्या छावण्यांत नेली गेली, सामान जाळलं गेलं. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली ती या संतापातून. पोटावर जगणाऱ्याला छावणीत जाणं म्हणजे मजुरी बुडणं, आणि परत आल्यावर घरात भांडंही न उरणं.

त्यानंतर मुंबई इलाख्यात सरकारनं दुसरी वाट धरली. ज्याच्याकडे प्लेगची लस टोचल्याचा दाखला, त्याला विलगीकरणाच्या काही जाचातून सूट. १८९८ मध्ये हुबळी-धारवाड भागात हजारो लोकांनी टोचून घेतलं, त्यामागे साथीची भीती होती तशी ही सूटही होती. दंड आणि सूट हिशेबात एकाच नाण्याच्या दोन बाजू दिसतात, पण माणसाला तशा लागत नाहीत. दंडासाठी सरकार दारात येतं. सुटीसाठी माणूस स्वतः दवाखान्यात जातो. आणि मुख्य म्हणजे सूट द्यायला ‘का नाही घेतली’ हे कुणाला विचारावं लागत नाही. नसलेला रकाना लागतच नाही.

अर्थात ही वाट निर्मळ नव्हती. आधी जाच उभा करायचा आणि मग त्यातून सुटका विकायची, असंही तिचं वर्णन करता येईल. शिवाय विश्वास एका बाटलीनं फुटतो. १९०२ मध्ये पंजाबात मलकोवालला एकाच बाटलीतली लस टोचलेली १९ माणसं धनुर्वातानं मेली. ठपका हाफकिनवर आला, तो पुसला जायला १९०७ उजाडलं. मधल्या पाच वर्षांत टोचून घ्यायला कचरलेला माणूस हट्टी होता की सावध, हे कोणत्या कारकुनानं ठरवायचं?

खरा नाकारणारा

समजून-उमजून नाकारणाराही इतिहासात सापडतो, आणि तो साधासुधा माणूस नाही. गांधीजी देवी काढण्याच्या विरोधात होते. दक्षिण आफ्रिकेत असताना आरोग्यावर लिहिलेल्या गुजराती लेखमालेत त्यांनी तसं स्पष्ट लिहिलं. पण त्याबरोबर हेही लिहिलं की ज्याचा विवेक नाही म्हणतो, त्यानं कायद्यानं होईल ती शिक्षा सोसायची तयारी ठेवावी. म्हणजे आजचा प्रश्न त्यांना विचारला असता तर बिल भरायला ते बहुधा तयार झाले असते.

१९३० च्या सुरुवातीला साबरमती आश्रमात देवीची साथ आली. तीन मुलं गेली. त्यात आश्रमाचे संगीतशिक्षक, पलुस्करांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे यांचं मूल होतं. लगेचच मार्चमध्ये खरे दांडीच्या यात्रेत चालत निघाले आणि १ एप्रिलला यात्रा आमच्या सुरतेत पोचली. खऱ्यांच्या निष्ठेपुढे मी मान खाली घालतो. पण हिशेबाचं काय? मत मोठ्यांचं होतं, किंमत मुलांनी मोजली. जादा पैशांची कोणतीही पावती ही बाकी फेडू शकली नसती. मुलाच्या आजारपणात बापाच्या मताचे पैसे वसूल करायचे, तर उपचाराला उशीर होण्यापलीकडे काय होणार?

बिल कुणाच्या नावावर

आता पुन्हा २०२१ कडे या. केरळला डॉक्टरांच्या दाखल्याची वेगळी सोय ठेवावी लागली, सिंगापूरला ‘स्वेच्छेनं’ असा शब्द घालावा लागला. दोघांनाही तो हरवलेला रकाना नव्यानं आखावा लागला. कॅनडात क्वेबेकच्या प्रमुखांनी जानेवारी २०२२ मध्ये लस न घेणाऱ्यांवर आरोग्यकर जाहीर केला आणि तीन आठवड्यांत समाजात फूट पडेल म्हणून मागे घेतला.

आपल्याकडे हा रकाना भरणं त्याहून कठीण. १ मे २०२१ ला १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस खुली झाली तेव्हा आधी ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती. बारा तासांची पाळी करणारा लूम कारागीर, ज्याच्याकडे धड फोन नाही, तो तक्त्यात ‘न घेतलेला’ म्हणूनच दिसणार. त्यात देशाच्या आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के वाटा लोकांच्या खिशातूनच जातो, असं २०२१-२२ चे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. ज्याला बिल आधीच स्वतः भरायचं आहे, त्याला वरून आणखी लावणं म्हणजे त्याला दवाखान्याच्या दारातून परत पाठवणं.

आमच्या हजिरा पट्ट्यातल्या कामगाराच्या ईएसआयचं तत्त्व मला इथे आठवतं. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के, मालकाकडून ३.२५ टक्के. विडी ओढतो का, दारू पितो का, विचारत नाहीत. वर्गणी पगाराप्रमाणे, उपचार गरजेप्रमाणे. लशीसाठी हे मोडलं तर पुढचा नंबर कुणाचा, हे सांगायला ज्योतिषी नको.

म्हणून माझं मत असं : साथीच्या ऐन भरात गर्दीच्या जागी किंवा रुग्णसेवेच्या कामात लस न घेतलेल्यावर काही काळ बंधन घालणं समजू शकतं. २ मे २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानंही कुणाला बळजबरीनं लस देता येणार नाही असं सांगताना, सार्वजनिक हितासाठी बेताची बंधनं घालण्याचा अधिकार सरकारला ठेवला. सवलतही द्यावी, पाळीच्या वेळेनुसार कारखान्यात लस, त्या दिवसाची भरपगारी सुट्टी. पण खाटेवर पडलेल्या माणसाचं बिल त्याच्या मतावरून ठरवू नये. उंडेऱ्याच्या २६ जणांनी लस नाकारली होती असं आजही कुणी तक्ता बघून म्हणू शकेल, आणि ते साफ चूक असेल.

वाचकांना एक विनंती. दक्षिण गुजरात, दमण किंवा जुन्या बडोदा राज्यातल्या तुमच्या घरात देवी काढल्याचे किंवा प्लेगची लस टोचल्याचे जुने दाखले, दंडाच्या पावत्या, पत्रं असतील तर त्यांचे फोटो मंडळाकडे पाठवा. आकडे सरकारी अहवालात मिळतात. ‘का नाही घेतली’ हे मिळालं तर अशाच कागदांत मिळेल.