कासेवरचा पहिला हात

अकोटच्या उत्तरेला सातपुड्याचा उतार आणि दक्षिणेला पूर्णेचे खारपाणपट्ट्याचे खोरे. या दोहोंमधल्या कोणत्याही गोठ्यात पहाटे गेलो, तर क्रम एकच दिसतो. वासरू सोडतात, गाय पान्हावते, वासराला ओढून दाव्याला बांधतात, तांब्यातले पाणी कासेवर मारतात, ओला हात सडांवरून फिरवतात आणि चरवीत धार वाजू लागते. अर्ध्या मिनिटाच्या या कामाला शंभराहून अधिक वर्षांचा वैज्ञानिक इतिहास आहे, आणि तो अजून संपलेला नाही.

गाईची कास सुजते, दुधात गुठळ्या येतात, सड कायमचा निकामी होतो. हा स्तनदाह. फ्रान्समध्ये नोकार आणि मोलरो यांनी १८८७ मध्ये दाखवून दिले की, हा रोग साखळीसारख्या दिसणाऱ्या जंतूंमुळे होतो आणि एका गाईपासून दुसरीला लागतो. तो नेणारे वाहन म्हणजे बहुधा धार काढणाऱ्याचा हात. सडाच्या टोकाची बारीक नळी धार काढल्यानंतर अर्धा-एक तास पुरती मिटत नाही. तेवढा वेळ जंतूंना दार उघडे असते.

मग सडावर जंतुनाशक का लावू नये? १९१६ मध्ये अमेरिकेत मोक यांनी धार काढल्यावर सड पाइनच्या तेलात बुडवण्याचा उपाय मांडला. म्हणजे सडाच्या जंतुनाशकांच्या इतिहासातले एक आरंभीचे नाव वनस्पतीचेच आहे! पुढे आयोडीन आले. तेही १८११ मध्ये कूर्त्वा यांना समुद्रशेवाळाच्या राखेत सापडलेले.

पण सर्वांत मौजेची गोष्ट दुधातच दडलेली होती. दुधात वाढणारे काही जंतू शेजारच्या जंतूंना वाढू देत नाहीत, असे १९२८ मध्ये अमेरिकेत दिसून आले. या जंतूंनी तयार केलेल्या छोट्या प्रथिनाला इंग्लंडमध्ये मॅटिक आणि हिर्श यांनी १९४७ मध्ये 'निसिन' हे नाव दिले. ते बनवणारे जंतू आपल्या दह्याच्या विरजणातल्या जंतूंचे भाऊबंद. निसिन जंतूच्या पेशीभित्तिकेचा कच्चा माल पकडते आणि पेशीच्या आवरणाला भोके पाडते.

१९४९ मध्ये दोन शोधनिबंध आले. एकात स्तनदाहावर निसिनचा प्रयोग होता, दुसऱ्यात हळदीतल्या कर्क्युमिनच्या जंतुरोधक गुणाची नोंद होती. मात्र तोवर पेनिसिलिन हाताशी आले होते आणि नैसर्गिक द्रव्ये मागे पडली. प्रतिजैविकांचे अंश दुधात उतरू लागले, जंतू त्यांना दाद देईनासे झाले, तेव्हा कुठे जुनी पाने पुन्हा उलटली गेली. १९९२ मध्ये अमेरिकी संशोधकांनी गाईच्या सडांवर निसिनयुक्त द्रावणाची चाचणी प्रसिद्ध केली.

येथे एक सावधगिरी हवी. निसिन एकटे शेणातल्या ई. कोलायसारख्या जंतूंना फारसे रोखत नाही, कारण त्यांचे बाहेरचे आवरण वेगळे असते. कडुनिंबाचेही तसेच. सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी १९४२ मध्ये त्यातून निंबिन वेगळे केले, पण आपल्या घरच्या काढ्यात किती निंबिन उतरले, हे पानांवर, ऋतूवर आणि उकळण्यावर ठरते. शिवाय सड नीट पुसला नाही, तर कडूपणा दुधात उतरतो. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि चुना १५ ग्रॅम असा लेप सुचवते, पण तो सुजलेल्या कासेसाठी. रोजच्या सफाईसाठी नव्हे. 'नैसर्गिक' हा शब्द म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

मग गोठ्यात काय करावे? अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९८० च्या दशकात झालेल्या प्रयोगांचे सार साधे आहे: द्रावण कोणतेही असो, सड कोरडा पुसणे महत्त्वाचे. ओल्या कासेवरचे पाणी शेण-धूळ घेऊन सडाच्या टोकाशी उतरते आणि तेथून चरवीत पडते. खारपाणपट्ट्यातल्या जड पाण्याला साबणाचा फेसही धड येत नाही. म्हणून पाणी थोडे, ते फक्त सडांना, आणि प्रत्येक गाईला वेगळे, धुऊन उन्हात वाळवलेले फडके.

शिक्षकांनी हे वर्गात पडताळून पाहावे. एकाच गाईचे उजवे दोन सड नुसते ओल्या हाताने पुसावेत, डावे दोन धुऊन कोरडे करावेत. दूध वेगवेगळ्या, उकळत्या पाण्यातून काढलेल्या भांड्यांत घ्यावे. प्रत्येकी १० मिलिलिटर दुधात १ मिलिलिटर मेथिलीन ब्ल्यूचे सौम्य द्रावण घालून दोन्ही नळ्यांना बूच लावावे आणि त्या ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवाव्यात. जंतू दुधातला ऑक्सिजन संपवतात आणि निळा रंग जातो. ज्या नळीचा रंग आधी जाईल, तिच्यात जंतू अधिक. पुढच्या आठवड्यात हाच प्रयोग कडुनिंबाच्या पाण्याने करावा. आजीचे म्हणणे खरे की खोटे, हे मग वादाने नव्हे, घड्याळाने ठरेल.