ग्लू गन

ग्लू गन (किंवा हॉट ग्लू गन) हे घन गोंदाची कांडी विजेच्या उष्णतेने वितळवून तो गोंद नोझलमधून हव्या त्या जागी सोडणारे हातातील उपकरण आहे. सोडलेला गोंद थंड होताच घट्ट होतो व दोन पृष्ठभाग जोडले जातात. हस्तकला, शालेय प्रकल्प, गणेशोत्सवातील मखर, आकाशकंदील, वेष्टनाची कामे आणि घरगुती दुरुस्ती यांसाठी हे उपकरण वापरले जाते. घरगुती वापरासाठी ग्लू गन निवडताना केवळ तिचे वॅट न पाहता जोडायचा पदार्थ, गोंदाचे तापमान व कांडीचा प्रकार विचारात घ्यावा लागतो.

रचना व कार्य

ग्लू गनमध्ये चाप, कांडी पुढे ढकलणारी यंत्रणा, तापकक्ष आणि धातूचे नोझल हे मुख्य भाग असतात. मागील बाजूने सरकवलेली कांडी चाप दाबल्यावर तापकक्षात जाते. तिचे पुढचे टोक वितळते, आणि मागचा घन भाग दट्ट्याप्रमाणे काम करून वितळलेला गोंद बाहेर ढकलतो. त्यामुळे कांडी संपत आली की गोंदाचा प्रवाह मंदावतो व मागून दुसरी कांडी लावावी लागते.

बहुतेक घरगुती ग्लू गनमध्ये पीटीसी प्रकारचा सिरॅमिक तापक असतो. तापमान ठरावीक मर्यादेपर्यंत वाढले की या तापकाचा विद्युतरोध एकदम वाढतो व वीज आपोआप कमी घेतली जाते. म्हणून अशा ग्लू गनला वेगळा तापमान-नियंत्रक नसतो, आणि ती गरम झाल्यावर छापील वॅटपेक्षा बरीच कमी वीज वापरते.

गोंद

सर्वसाधारण कांड्या एथिलीन-व्हिनाइल ॲसिटेट (ईव्हीए) या बहुवारिकापासून तयार करतात. चिकटपणासाठी त्यात राळेसारखे पदार्थ व प्रवाहीपणासाठी मेण मिसळलेले असते. हा गोंद घट्ट होताना रासायनिक अभिक्रिया होत नाही. पुन्हा तापवल्यास तो पुन्हा मऊ होतो.

महाराष्ट्रात कागदकामासाठी पिठाची खळ व डिंक, तर सुतारकामासाठी सरस ही चिकटद्रव्ये पूर्वापार वापरली जात. सरसही गरम करूनच लावतात. मात्र या तिन्ही द्रव्यांत पाणी असते आणि ते वाळेपर्यंत जोड दाबून ठेवावा लागतो. ईव्हीए गोंदात पाणी किंवा द्रावक नसल्याने कागद सुरकुतत नाही व जोड मिनिटाभरात उभा राहतो. याचीच दुसरी बाजू म्हणजे गोंद लावल्यावर भाग जुळवण्यास फार थोडा वेळ मिळतो.

प्रकार

आकारानुसार घरगुती ग्लू गनचे दोन मुख्य प्रकार आहेत. लहान ग्लू गनमध्ये सुमारे ७ मिलिमीटर व्यासाची, तर मोठ्या ग्लू गनमध्ये सुमारे ११ मिलिमीटर व्यासाची कांडी लागते. या कांड्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

तापमानानुसार कमी तापमानाच्या (सुमारे १२० अंश सेल्सिअस) व उच्च तापमानाच्या (सुमारे १९० अंश सेल्सिअस) ग्लू गन असतात. काही ग्लू गनमध्ये दोन्ही तापमानांसाठी खटका असतो. बॅटरीवर चालणाऱ्या बिनतारी ग्लू गनही मिळतात. त्या हाताळण्यास सोयीच्या असल्या तरी सलग मोठ्या कामास अपुऱ्या पडतात.

निवडीचे निकष

तापमान: थर्माकोल, फुगे, पातळ प्लास्टिक व नाजूक कापड यांसाठी कमी तापमान योग्य ठरते. उच्च तापमानाचा गोंद थर्माकोलला लागताच ते वितळून खड्डा पडतो. लाकूड, जाड पुठ्ठा, बांबू व चामडे यांसाठी मात्र उच्च तापमान उपयुक्त असते, कारण पातळ झालेला गोंद सच्छिद्र पृष्ठभागात अधिक खोल शिरतो.

वॅट: वॅटवरून ग्लू गन किती लवकर तापेल व सलग किती गोंद देईल याचा अंदाज येतो, जोडाची ताकद त्यावरून ठरत नाही. कागदकाम व लहान दुरुस्तीसाठी २० वॅटची ग्लू गन पुरते. मखरासारख्या सलग कामासाठी ६० ते १०० वॅटची मोठी ग्लू गन सोयीची ठरते. कमी वॅटच्या ग्लू गनचा चाप जोराने दाबल्यास अर्धवट वितळलेली कांडी अडकते व यंत्रणा तुटण्याचा संभव असतो.

कांडी: वेष्टनावरील तापमान व उपयोग पाहून कांडी घ्यावी. उच्च तापमानाची कांडी कमी तापमानाच्या ग्लू गनमध्ये नीट वितळत नाही. उलट केल्यास गोंद फार पातळ होऊन नोझलमधून सतत गळतो.

बांधणी: ग्लू गन टेबलावर उभी राहील असा भक्कम आधार, नोझलवरील रबरी आवरण, पुरेशी लांब तार, बंद-चालू खटका आणि भारतीय मानक चिन्ह असलेला प्लग या बाबी तपासाव्यात. कांडी घालून चाप दाबून पाहिल्यास ती सरळ व न घसरता पुढे जाते का, हे दुकानातच कळते.

महाराष्ट्रातील वापर

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी काढलेल्या अधिसूचनेने प्लास्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आली. सजावटीचे थर्माकोलही तिच्या कक्षेत आले. त्यानंतर गणपतीच्या मखरांसाठी पुठ्ठा, कागद, कापड, बांबू व लाकूड यांकडे कल वाढला. हे पदार्थ सच्छिद्र असल्याने त्यांवर ग्लू गनचा जोड चांगला बसतो. पुणे शहरात रविवार पेठेतील बोहरी आळी हत्यारांच्या, तर बुधवार पेठेतील तपकीर गल्ली विद्युत साहित्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे.

शालेय विज्ञान प्रदर्शनांतील धरण, कालवा किंवा पवनचक्की यांच्या प्रतिकृतींतही हा गोंद वापरला जातो. पुण्याजवळील खडकवासला येथे १९१६ मध्ये स्थापन झालेले केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. तेथे धरणे व बंदरे यांच्या मोठ्या प्रतिकृती उभारून जलप्रवाहाचा अभ्यास केला जातो. घरी किंवा शाळेत पाणी खेळवणारी छोटी प्रतिकृती करताना ग्लू गनची मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. ईव्हीए गोंद पाण्यात विरघळत नाही; परंतु काच, ॲक्रिलिक किंवा गुळगुळीत धातूवरून तो पापुद्र्यासारखा सुटून येतो व गळती सुरू होते. अशा जोडासाठी सिलिकॉन सीलंट अधिक योग्य असते.

मर्यादा

ईव्हीए गोंद साधारणतः ६० ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मऊ होऊ लागतो. त्यामुळे उन्हात उभ्या असलेल्या मोटारीतील वस्तू, स्वयंपाकाच्या शेगडीजवळील जागा किंवा तंतूचा दिवा लावलेला आकाशकंदील येथे हा जोड सुटू शकतो. कंदिलात एलईडी दिवा वापरल्यास हा धोका बराच कमी होतो. पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन व सिलिकॉन यांना हा गोंद नीट चिकटत नाही. धूळ किंवा तेलकटपणा असल्यास जोड कच्चा राहतो. थंड धातूवर गोंद लगेच गोठतो, म्हणून धातू आधी किंचित कोमट करतात.

वजन पेलणारे जोड केवळ ग्लू गनवर सोडू नयेत. मूर्तीवरील छत किंवा मखराची कमान यांना स्क्रू, खिळे, सुतळी वा तारेचा आधार देणे आवश्यक असते. विजेच्या उघड्या तारा झाकण्यासाठीही हा गोंद वापरू नये.

सुरक्षितता व प्रथमोपचार

नोझल व वितळलेला गोंद यांमुळे भाजणे हा या उपकरणाचा मुख्य धोका आहे. गोंद त्वचेला चिकटून राहत असल्याने उष्णता दीर्घकाळ पोहोचते व जखम खोल होते. कमी तापमानाच्या ग्लू गननेही भाजते. लहान मुलांनी ती मोठ्यांच्या देखरेखीखालीच वापरावी. ग्लू गनखाली जुनी फरशी किंवा पत्रा ठेवावा. काम थांबताच प्लग काढावा व ती पूर्ण थंड झाल्यावरच कागद-कापडाजवळ ठेवावी. अर्धवट वापरलेली कांडी मागे ओढून काढू नये. वितळलेला गोंद आत पसरून यंत्रणा निकामी होते.

भाजल्यास तो भाग ताबडतोब वाहत्या थंड पाण्याखाली सुमारे २० मिनिटे धरावा. चिकटलेला गोंद ओढून काढू नये, कारण त्याबरोबर त्वचाही निघते. बर्फ, हळद किंवा टूथपेस्ट लावू नये. मोठा फोड आल्यास, अथवा चेहरा, डोळे किंवा बोटांचे सांधे भाजल्यास डॉक्टरांकडे जावे.