बालदंतरक्षण

बाळाचा पहिला दात हिरडीतून डोकावतो तेव्हापासून कुमारवयापर्यंत कीड, हिरड्यांचे विकार व इजा टाळण्यासाठी घ्यायची दातांची निगा. दुधाचे दात 20. खालचे पुढचे दोन साधारण सहाव्या महिन्यात येतात, तिसऱ्या वर्षाच्या सुमारास सगळे पुरे होतात. ‘दुधाचेच आहेत, पडणारच’ या घरोघरच्या समजुतीने सर्वाधिक नुकसान केले आहे. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. खालून येणाऱ्या दाताची जागा त्याच राखतात. त्या किडून आधीच काढाव्या लागल्या, तर शेजारचे दात सरकतात आणि कायमचे दात वेडेवाकडे येतात.

तोंडातले जंतू, विशेषतः स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स, साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्यात दंतवल्कातील खनिजे विरघळतात. लाळ ही झीज थोडीफार भरून काढते, पण तिला उसंत हवी. त्यामुळे दिवसभर थोडेथोडे गोड खाणे फार बाधते. झोपेत लाळ कमी सुटते. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळाचे वरचे पुढचे दात आधी किडतात. खालचे जिभेच्या आडोशाने वाचतात. बाळाला मांडीवर आडवे घेऊन वरचा ओठ उचलावा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची पहिली खूण. या टप्प्यावर दंतवैद्याने फ्लोराइडचे व्हार्निश लावल्यास दात सावरू शकतो. खड्डा पडल्यावर नाही.

पहिला दात येताच दोन वेळा घासणे सुरू करावे. रात्रीचे कधीही चुकवू नये. तीन वर्षांपर्यंत फ्लोराइडयुक्त पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांचे होईपर्यंत मोठ्यांनीच घासून द्यावे. राखुंडीने दात झिजतात. मशेरी तर जाळलेली तंबाखूच, ती मुलांच्या हाती देऊच नये. पहिली तपासणी पहिल्या वाढदिवसाच्या आत व्हावी.

सहाव्या वर्षी शेवटच्या दुधाच्या दाढेमागे कायमची पहिली दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून ती आली हे घरात कळतही नाही आणि दुधाची समजून ती किडू दिली जाते. तिच्या खोल खाचांत ब्रशचे केस पोचत नाहीत. दाढ पूर्ण वर येताच त्या खाचा सीलंटने बुजवून घेणे उत्तम.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड मुळातच जास्त आहे. वल्क घडत असताना, म्हणजे पहिल्या आठ वर्षांत, असे पाणी पोटात गेले की कायमच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग उमटतात आणि ते घासून जात नाहीत. तिथे पिण्याच्या पाण्याचा स्रोत बदलणे हाच खरा उपाय.

कुमारवयात शीतपेये, गुटखा आणि खेळातल्या इजांची भर पडते. कायमचा दात मुळासकट निखळल्यास तो मुळाला हात न लावता वरच्या भागाने धरावा, दुधात बुडवावा व अर्ध्या तासात दंतवैद्याकडे न्यावा. तो पुन्हा रुजू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत, कारण त्याखालच्या कायमच्या दाताच्या अंकुराला इजा होऊ शकते.